उरलेल्या तंदुरी चिकनचं सूप: आधी हाडं, मांस अगदी शेवटी

एका ताईंनी विचारलंय: रविवारी रात्री हॉटेलातून अख्खं तंदुरी चिकन आणलं, त्यातलं निम्मं उरलं, रात्रीच फ्रीजमध्ये ठेवलं. आज सासूबाईंना सर्दी आहे, तोंडाला चव नाही, आणि मुलांनाही संध्याकाळी काहीतरी गरम हवंय. मागे एकदा असंच उरलेलं चिकन पाण्यात उकळून सूप केलं होतं, तर पाणी पाणीच लागलं, मांसाचा चोथा झाला आणि वर कडवट चव आली. सर्दीला सुपाचा खरंच उपयोग होतो का, आणि अर्ध्या-पाऊण तासात चांगलं सूप होऊ शकतं का?

होतं, ताई. पाऊण तासाऐवजी तासभर मात्र धरा. आणि चांगलंच होतं. कोल्हापुरात सत्तावीस वर्षं मी स्वयंपाकघर चालवतेय, आधी खानावळ होती, आता जेवणाच्या ऑर्डरी घेते. आमच्याकडे तांबडा-पांढरा रस्सा चढायच्या आधी अळणी तयार होतं. अळणी म्हणजे मटण किंवा चिकन आलं-लसूण, हळद आणि अगदी बेताच्या मिठात शिजवलं की जे पाणी उरतं ते. घरातलं लहान मूल, बाळंतीण, तापातून उठलेलं माणूस, सगळ्यांना पहिली वाटी त्याचीच. त्यामुळे हाडातून चव कशी काढायची हे माझ्या रोजच्या हातातलं काम आहे. तुमच्या तिन्ही तक्रारींना तीन वेगळी कारणं आहेत, ती कळली की सूप हातचं जाणार नाही.

चव हाडात असते. हाडाला चिकटलेल्या पांढऱ्या कुर्च्या, सांधे, पाठीच्या कण्याचे बारीक मणके, पंखाची टोकं, मान, यांत जो चिकट अंश असतो तो पाण्यात उतरला की सुपाला अंग येतं. ओठाला ओठ किंचित चिकटतो ना, तेच ते. उरलेलं चिकन मात्र एकदा भट्टीत पूर्ण शिजून आलेलं असतं. त्यातल्या मांसाने द्यायचा तो रस कालच दिलाय. ते पुन्हा अर्धा तास उकळलं की धागे आवळतात, उरलासुरला ओलावा बाहेर पडतो आणि चोथा होतो. म्हणजे हाडाला वेळ हवा आणि मांसाला तो नको, आणि आपण दोघांना एकाच पातेल्यात एकाच वेळी घालतो. तुमचं तेच झालं.

म्हणून पहिलं काम वेगळं करायचं. फ्रीजमधून काढलेलं गार चिकन सोलायला सोपं असतं, गरम करू नका. ताट घ्या, हात स्वच्छ धुवा आणि मांस धाग्याच्या दिशेने सोडवा. छातीचं मांस लांब पट्ट्यांनी निघतं, तंगडीचं लहान तुकड्यांनी. मांस एका वाटीत झाकून परत फ्रीजमध्ये. हाडं, कुर्च्या, सांध्याजवळचे चिवट पडदे दुसऱ्या भांड्यात. हे दहा मिनिटांचं काम आहे, त्यात घाई करू नका, कारण बोटांनीच हाडाच्या बारीक काड्या कळतात. तंगडीत मुख्य हाडाला लागून सुईसारखं एक पातळ हाड असतं, ते मांसात राहून जातं. ते आठवणीने शोधा.

आता कडवटपणा. तंदुरीवर जे काळं करपलेलं असतं ते खाताना खमंग लागतं, पण पाण्यात उकळलं की त्याची कडू राख सगळ्या सुपात उतरते. सुरीच्या पाठीने किंवा चमच्याने ते काळं खरवडून टाका. त्याचबरोबर वरचा लाल मसालाही जमेल तेवढा निपटून घ्या. हॉटेलवाले वरून चाट मसाला भुरभुरतात, त्यातल्या काळ्या मिठाचा वास गरम सुपात फार वर येतो. दह्याचा आंबटपणाही थोडा असतोच. हाडं कोमट पाण्यातून एकदा भरकन काढलीत तरी चालेल, चव आत आहे, ती वाहून जात नाही. आणि प्लेटमध्ये चिकनखाली जे लिंबू-कांदा पडलेलं असतं ते यात अजिबात घालू नका. लिंबाची साल उकळली की तीही कडू होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मला ती नेहमी विचारली जाते. जेवताना चोखून टाकलेली ताटातली हाडं सुपाला घेऊ नयेत. उकळून जंतू मरतील हे खरं, पण उष्टं ते उष्टं, आणि आजारी माणसाला तर ते देऊच नये. यापुढे असं करा: अख्खं चिकन आणलंत तर ताटं वाढण्याआधीच पाठ, मान आणि पंखांची टोकं काढून ठेवा. ती तशीही कुणी आवडीने खात नाही, आणि सुपाला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

आता कुकर. निम्म्या चिकनची हाडं साधारण दोनशे ग्रॅम भरतात. त्याला पाऊण लिटर पाणी, म्हणजे आपल्या चहाच्या कपांनी पाच कप, त्यापेक्षा एक थेंबही जास्त नाही. तुमचं सूप पाणचट झालं त्याचं कारण इथे आहे. घरात माणसं सहा म्हणून आपण पाणी सहा जणांचं घालतो, पण हाडं तिघा-चौघांपुरतीच असतात. यात चार लहान वाट्या होतात. जास्त हवं असेल तर हाडं वाढवा. चिकनच्या दुकानात पाठीचे तुकडे मागितले तर स्वस्तात मिळतात.

मोठी हाडं बत्त्याने एकेक ठोका देऊन चिरफळवा. पीठ करायचं नाही, फक्त मधोमध तडा जाऊ द्यायचा, म्हणजे आतला मगज पाण्याला लागतो. कुकरमध्ये चमचाभर तूप किंवा तेल घालून हाडं तीन-चार मिनिटं परता. तंदुरी आधीच भाजलेली असते, तरी ही परतणी सोडू नका, फ्रीजचा वास त्यात निघून जातो. त्यावर अर्धा कांदा मोठा चिरून, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून, बोटाच्या पेराएवढं आलं, आठ-दहा काळे मिरे आणि कोथिंबिरीचे देठ. देठ टाकून देऊ नका, पानांपेक्षा देठांत सुगंध जास्त असतो आणि तो उकळण्यात टिकतो. एक तमालपत्र चालेल. लवंग-दालचिनी नको, मग ते पुलावाचं पाणी वाटायला लागतं. कोबी, फ्लॉवरचे दांडे इथे घालू नका, जास्त शिजले की त्यांचा गंधकासारखा वास येतो. मीठ तर मुळीच नको. तंदुरीतलं मीठ हाडापर्यंत गेलेलं असतं, ते किती उतरलंय हे गाळल्याशिवाय कळत नाही.

पाणी गारच घाला. झाकण लावायच्या आधी एक उकळी येऊ द्या आणि वर फेस आला तर चमच्याने काढा. कच्च्या चिकनला तो भरपूर येतो, शिजलेल्याला थोडासाच. मग झाकण लावून मोठ्या आचेवर एक शिट्टी, आणि गॅस अगदी बारीक करून वीस मिनिटं. शिट्ट्या मोजत बसू नका, शिट्टी म्हणजे वाफ वाया चाललीय. कुकरच्या आत तापमान 120 अंश सेल्सियसच्या आसपास जातं, म्हणून उघड्या पातेल्यात दोन-अडीच तास लागणारं काम इथे लवकर होतं. ब्रॉयलर कोंबडी सहा-सात आठवड्यांत बाजारात येते, तिची हाडं कोवळी असतात, वीस मिनिटांत बरंच काही देतात. गावरान असेल तर चाळीस मिनिटांपेक्षा कमी धरू नका. तिची हाडं पक्की असतात, पण जे निघतं ते ब्रॉयलरला कधी येणार नाही.

गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर आत एकदम जोराची उकळी फुटते, सगळा गाळ ढवळून निघतो आणि सूप गढूळ होतं. जिरायला आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात भाज्या चिरून होतात.

झाकण उघडलं की वास घ्या. भाजक्या चिकनचा, लसणाचा आणि खाली किंचित गोडसर असा वास आला पाहिजे. पाणी फिकट सोनेरी-तांबूस दिसेल, वर तुपाचे छोटे गोल डोळे तरंगत असतील. बारीक गाळणीतून गाळा, आणि हाडं ठेचली असल्यामुळे दुसऱ्यांदा पातळ सुती कापडातून. ही दुसरी गाळणी मी कधीच सोडत नाही. कापडात जो वाळूसारखा चुरा राहतो तो पाहिलात की तुम्हीही सोडणार नाही. हे गाळलेलं पाणी दोन चमचे बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवून बघा. तासाभरात ते जेलीसारखं थरथरलं तर हाडांनी आपलं काम चोख केलं. फक्त दाटसर झालं तरी आजच्या सुपाला पुरे आहे.

पुढचं सूप बांधणं दहा मिनिटांचं. पातेल्यात चमचाभर लोणी, त्यात बारीक चिरलेला लसूण. लसूण पांढराच राहू द्या, लाल करू नका. मग बारीक चिरलेलं गाजर, फरसबी, थोडी पानकोबी, मूठभर मक्याचे दाणे असतील तर तेही. पानकोबी इथे चालते, कारण ती तीन-चार मिनिटंच शिजते. भाज्यांवर गाळलेलं पाणी ओता, एक उकळी, मग बारीक गॅस. आता चव बघा आणि मगच मीठ. बहुतेक वेळा पाव चमच्याच्या आत भागतं, कधी लागतही नाही. सासूबाईंना रक्तदाब असेल तर त्यांची वाटी मीठ घालण्याआधीच बाजूला काढा. हॉटेलच्या चिकनमधलं मीठ आधीच त्यात उतरलेलं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणि आता, अगदी शेवटी, सोडवून ठेवलेलं मांस. ते खळखळत्या सुपात घालायचं, पुन्हा उकळी येऊन मांस आतपर्यंत कडकडीत गरम होईपर्यंत दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि गॅस बंद. शिजलेलं असलं तरी फ्रीजमधून आलेलं मांस नुसतं कोमट करून देऊ नये. आतलं तापमान 74 अंशांपर्यंत गेलं पाहिजे, आणि बारीक सोडवलेलं मांस उकळत्या सुपात दोन-तीन मिनिटांत तिथवर सहज पोहोचतं. त्यावर ताजी मिरपूड, कोथिंबीर आणि गॅस बंद केल्यावरच लिंबू. एवढ्यात मांस मऊ राहतं. एकदा असं करून खा, मग चोथा कशाला म्हणायचा ते जिभेला आपोआप कळेल.

दाटपणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक जण लगेच कॉर्नफ्लॉवरकडे वळतात. मांचाव किंवा स्वीटकॉर्नच्या धाटणीचं करायचं तर तो हवाच: एक चपटा चमचा कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून, सूप ढवळत ढवळत घालायचा आणि दोन मिनिटं उकळायचा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. पण पडसं झालेल्या माणसासाठी मी भातच घालते. दोन मोठे चमचे मऊ भात पळीच्या पाठीने रगडून सुपात सोडायचा आणि पाच मिनिटं शिजू द्यायचा. सूप रेशमासारखं होतं आणि पोटालाही आधार मिळतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजारी माणसाला कोंबडी आणि तांदळाची कांजा देतात ती याच जातीची. हा शब्दच आपल्या कांजीवरून पोर्तुगीजांकडे गेल्याचं मानतात. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यात 1563 मध्ये छापला, त्यात मिरी आणि जिरं घातलेलं भाताचं पाणी रोग्याला पाजतात आणि त्याला कांजी म्हणतात अशी नोंद आहे. मीही भाताच्या सुपात मिऱ्याबरोबर चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालते. करून बघा, चव एकदम जागेवर येते.

एक सूचना मात्र: भात ताजा, किंवा शिजल्यावर लगेच फ्रीजमध्ये गेलेला असावा. सकाळपासून ओट्यावर राहिलेला भात सुपात घालू नका. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

सर्दीला सुपाचा खरंच उपयोग होतो का, हेही तुम्ही विचारलंय. 1978 साली अमेरिकेत मायामीतल्या डॉक्टरांनी पंधरा निरोगी माणसांना गार पाणी, गरम पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातला चिकट द्रव किती वेगाने सरकतो हे मोजलं. गरम पाण्यानेही तो वेग वाढला, सुपाने आणखी वाढला, पण अर्ध्या तासात तो पुन्हा मूळपदावर आला. 2000 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी प्रयोगशाळेत चिकन सूप तपासलं. दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ सुपाने कमी झाल्याचं त्यांना दिसलं. ते नळीतलं काम होतं, माणसावरचं नव्हतं. म्हणून सूप म्हणजे औषध असं मी कुणाला सांगत नाही. पण अन्नावरची वासना गेलेल्या माणसाच्या पोटात पाणी, मीठ आणि थोडी प्रथिनं एका वाटीतून जातात आणि वाफेने नाक मोकळं होतं, हे मी घरोघरी पाहिलंय. दिवसातून दोनदा, लहान वाटी, घोट घोट.

आता साठवणीचं, कारण इथे माझ्याच हातून मोठी चूक झालेली आहे. खानावळीच्या पहिल्या वर्षी, मे महिन्यात, दुसऱ्या दिवशीच्या रश्श्यासाठी बारा लिटर अळणी रात्री करून ठेवलं. मोठं पातेलं, वर झाकण, ओट्यावरच. इतकं उकळलेलं आहे, काय होणार, असं वाटलं. पहाटे झाकण उचललं तर कडेने बारीक फेस धरलेला आणि आंबूस वास. सगळं मोरीत ओतलं. तेव्हा कळलं की मोठं भांडं झाकून ठेवलं की आतलं पाणी तासन् तास कोमट राहतं, आणि 5 ते 60 अंशांच्या मध्ये जिवाणू भराभर वाढतात. तेव्हापासून सूप गाळलं की पसरट भांड्यांत ओतते, भांडी परातीत गार पाण्यावर ठेवते, बर्फ असेल तर तो परातीत टाकते, आणि पळीने ढवळते. अर्ध्या तासात हाताला गार लागतं, मग लगेच फ्रीज.

हाच हिशोब तुमच्या चिकनलाही आहे. शिजलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा 32 च्या वर असला, तर एकच तास. तुम्ही रविवारी रात्रीच फ्रीजमध्ये ठेवलंत म्हणून मी बिनधास्त हो म्हणतेय. जेवणं उरकून, गप्पा मारून, मध्यरात्री आठवण झाली असती तर टाकून द्या म्हटलं असतं. फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. तुमच्याकडे दिवसदिवस वीज जात असेल तर तेवढेही धरू नका. सूप लागेल तेवढंच गरम करा. अख्खं पातेलं रोज गरम करून रोज परत फ्रीजमध्ये टाकू नका. जास्त झालं तर भाजी-भात घालण्याआधीचं नुसतं गाळलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, दोन-तीन महिने राहतं. वरण, पुलाव, मुलांची मॅगी, कशातही दोन खडे टाकले की काम होतं. दर वेळी उरणारी चार-पाच हाडंही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये साठवा, अर्धा किलो झाली की एकदाच कुकर लावा.

कुणी विचारेल, तंदुरी नसून रश्श्यातलं चिकन उरलं असेल तर? कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजलेल्या तुकड्यांचं सूप करू नये असं माझं ठाम मत आहे. मसाला धुऊन काढायला गेलात तर चवही जाते आणि खोबऱ्याचा तेलकटपणा तसाच राहतो. त्याचा रस्साच पातळ करा, भाकरी कुस्करा आणि जेवा. पांढऱ्या रश्श्याच्या वळणाचं सूप मात्र तंदुरीच्या हाडांचंही छान होतं. गाळलेल्या पाण्यात चार काजू आणि चमचाभर तीळ भिजवून केलेलं वाटण उकळवा, मग गॅस अगदी बारीक करून अर्धी वाटी नारळाचं दूध घाला आणि उकळी येऊ न देता उतरवा. उकळी आली की दूध फाटतं. तंदुरीचा थोडा लालसर रंग येईल, त्याची काळजी नको, पण दह्याचा आंबटपणा जिभेला लागत असेल तर नारळाचं दूध घालू नका.

गाळल्यावर उरलेली हाडं रस्त्यावरच्या कुत्र्याला घालायचा मोह होतो, पण घालू नका. शिजलेलं कोंबडीचं हाड टोकदार फुटतं आणि त्याच्या घशात, आतड्यात रुततं. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका.

आणि सासूबाईंची वाटी भरण्याआधी त्यांच्या वाट्याचं मांस पुन्हा एकदा बोटांनी चाचपा. वय झालेल्या माणसाला सुपात हाडाची काडी लवकर कळत नाही.